बासष्ट पिल्लांचं सोयर

एरंडोल, दि. २७ मार्च २०२५

ती. सुगंधाअक्कास,
योगराजचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझी ओरडून बोलायची सवय शाळेतून निवृत्त झाल्यावर सुटली, म्हणून पत्र. तुझ्या लाडक्या भाचीने, आमच्या भाविकाने, काल घरात बटेर पक्ष्याची शंभर अंडी आणली. पाळीव बटेरीला म्हणे अंड्यांवर बसायचा कंटाळा, म्हणून उबवायला यंत्र लागतं. ते माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीच्या जागी बसवलं आहे. तिच्या शेतकी पदवीचा आम्हाला झालेला हा पहिला उपयोग.

तिचं म्हणणं, आखाजीच्या सणाला, ३० एप्रिलला, साठ पिल्लं जिवंत दिसली तर वर्षभर तिच्यासाठी स्थळ आणायचं नाही, धंदा करू द्यायचा. कमी भरली तर आपण सांगू त्या मुलाला ती होकार देईल. मी हसत कबूल केलं. दहासुद्धा जगायची नाहीत. आखाजीला तू माहेरी येशीलच, तेव्हा तूच मोज. तुझ्या मोजणीला घरात कोणी हरकत घेत नाही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा योगराज

धुळे, दि. १ एप्रिल

चि. योगराजास अनेक आशीर्वाद.

गळ्यात माळ घातलेल्या बाईला अंड्यांची पत्रं पाठवतोस, हे बरं केलंस. मोजायला येईन. पण तोवर स्थळं थांबणार नाहीत. येत्या तेरा तारखेला, रविवारी, भडगावचे पाहुणे भाविकाला बघायला येतील. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. मी शब्द दिला आहे, माझं नाक कापू नकोस. यंत्रावर चादर टाक आणि कूलर बैठकीत लाव.

माझ्या भावजयीला, चारुलताला, आशीर्वाद. सर्वांना सुखी बघायची इच्छा धरणारी,
सुगंधा

एरंडोल, दि. १४ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं नाक शाबूत आहे की नाही ते तूच ठरव. शनिवारी रात्रीपासून अंडी फुटू लागली आणि रविवारी पाहुण्यांची गाडी दारात आली तेव्हा बासष्ट पिल्लं बाहेर होती. अक्का, एकेक पिल्लू भुंग्याएवढं. त्यांना आठवडाभर छत्तीस-सदतीस अंशांची ऊब लागते. गारठली तर दिव्याखाली गोळा होतात, उकडलं तर लांब पळतात. वाऱ्याची झुळूक चालत नाही, म्हणून कूलर मीच बंद केला. नऊ पाहुणे घाम पुसत पोहे खात होते. मुलाने दोनदा विचारलं की लाईट गेली आहे का.

भाविका पिल्लांपाशी, बाहेर यायला तयार नाही. तेव्हा चारुलताने सांगून टाकलं की घरात सोयर आहे, आज बघायचा कार्यक्रम होणार नाही. मुलाचे काका झुलालनाना दचकले. घरमा कोन बाळंतीण शे, असं त्यांनी मलाच विचारलं. मला खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं, बाळंतीण कोणी नाही, पण बाळं बासष्ट आहेत. ते चहा न घेता उठले.

दर दोन तासांनी तापमान वहीत लिहावं लागतं. भाविका झोपते तेव्हा मी लिहितो, म्हणून आता आवरतो. क्षमा असावी आणि जिव्हाळाही.
तुझा योगराज

एरंडोल, दि. २० एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

पिल्लं बरोबर साठ आहेत. मी स्वतः मोजली. तेव्हा ऊन फार आहे, तुझे गुडघे दुखतात, एसटीला गर्दी असते, यंदा आखाजीला आली नाहीस तरी चालेल. साडी पोस्टाने पाठवतो.

गैरसमज नसावा, लोभ नसला तर होईल कसं.
योगराज

एरंडोल, दि. २० एप्रिल

ती. अक्कांस चारुलताचा सा. न.

बहिणीला आखाजीला येऊ नको म्हणणारा भाऊ खानदेशात दुसरा नसेल. रागावू नका, कारण सांगते. पिल्लं सत्तावन्न आहेत. इतकुशी पिल्लं पाण्याच्या ताटलीत बुडतात, म्हणून भाविकाने ताटलीत काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. ह्यांना वाटलं, शेजारच्या पोरांचा खोडसाळपणा. शिस्तीने गोट्या काढल्या, धुतल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. सकाळी पाच पिल्लं पाण्यात मेलेली. हे अंगणात जाऊन रडले. भाविका तुमच्या पसंतीच्या मुलाला हो म्हणते म्हणाली. तेव्हापासून हे साठच मोजतात. काय करायचं ते तुम्ही सांगा.

आपली, चारुलता

धुळे, दि. २५ एप्रिल

चि. योगराजास आशीर्वाद.

दोन्ही पत्रं पोचली. चारुलताला बोलू नकोस, तिने खरं लिहिलं. भडगावकरांना मी कळवलं आहे की मुलगी वर्षभर कामात आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आठवीत होते. वार्षिक परीक्षेला वीस दिवस होते. मी आपल्या आबांकडे तेवढेच दिवस मागितले. ते म्हणाले, ठरलेलं ते ठरलेलं. त्यांनाही खोटं बोलता येत नव्हतं. मला अजून वाईट वाटतं.

तू साठ मोजलीस, त्यात सगळं आलं. मी आखाजीला येत नाही. आले तर मला मोजावं लागेल.

भाविकाच्या डोक्यावरून माझा हात फिरव.
तुझी, सुगंधाअक्का