कणगीतला लवू

पावस
३० मार्च १९८६

पोरं धाडलीस ती एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली, नारळाचं पोतं धाडावं तशी. सोबत चिठ्ठीसुद्धा नाही.

चि. आनंदास आईचा आशीर्वाद. तुझी विमला पायरीवरून पडली, डावा हात मोडला, एवढंच मैना सांगते. तेही पाठ केल्यासारखं. घरात बोलायला नातवंडं आली म्हटलं, तर दोन्ही मुकी.

काल शिमग्याची पालखी अंगणात आली. ढोल, बोंबा, पुरुषांचा नेहमीचा आरडाओरडा. नारळ आणायला मैनाला हाक मारली, तर ओ नाही. आत बघते तर लवूला भाताच्या रिकाम्या कणगीत घालून वर सूप झाकलंय, आणि ही सात वर्षांची पोर पुढे उभी. मानकरी हसले. देवाला घाबरतेस, म्हणून मी खेकसले. तर म्हणते, "आजी, लवू रडणार नाही. त्याला गप्प राहता येतं."

तीन वर्षांच्या पोराला हे शिकवलं कोणी? कळव.

तुझी आई येसूबाई

अलोरे, कोयना कॉलनी
५ एप्रिल १९८६

ती. आईस सा. न. वि. वि.
पोरांवर मी आजवर बोट उगारलेले नाही. नवराबायकोत शब्दाला शब्द लागतो, कधी हात उठतो, पण तेव्हा ती झोपलेली असतात. मैना मुळातच भित्री. रविवारी दोघांना न्यायला येतो. असले पोस्टकार्डावर लिहू नये, कॉलनीत सगळे वाचतात. लोभ असावा.

तुझा आनंदा

पावस
९ एप्रिल १९८६

आनंदा, पोस्टकार्डच लिहिते. वाचू देत.

पोरांना मारलं नाहीस, कबूल. पण भावाला लपवायला शिकलेल्या पोरीला काही लागलंच नाही, असं कसं म्हणतोस? अंगावर वळ नाही म्हणून?

तुझा बाप मला मारायचा तेव्हा तू झोपलेला असायचास, असं मी जन्मभर धरून चालले. परवा मैनाला विचारलं, तुला झोप लागायची का गो. म्हणाली, "डोळे मिटायचे. मग बाबा आमच्याकडे बघत नाहीत." तेव्हापासून तुझे मिटलेले डोळे समोर येतात. सांगायला घरात दुसरं माणूस नाही, म्हणून तुलाच लिहिते.

रविवारी येऊ नकोस. पोरं मिळणार नाहीत. मैनाला जूनमध्ये इथल्या शाळेत घालते. विमलालाही इथे जागा आहे, प्लास्टर निघायची वाट बघू नये.

लोभ आहेच, तो सुटत नाही हेच दुखणं. या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. विमलाने द्यायचं, स्वतःच्या हाताने.

येसूबाई