जावयाला चहा देऊ नये

मी, प्रेमिला मनोहरराव भोयर, वय अठ्ठावन्न, धंदा चहाची टपरी, राहणार वाडी, नागपूर, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारा जावई सध्या ट्रक घेऊन रायपूरला गेला आहे, म्हणून आजच लिहिते.

एक. पती वारले. दामिनी ही एकुलती मुलगी. तिचा नवरा गिरिधर गाडी थांबवावी लागू नये म्हणून दिवसभर पाणी पीत नाही, ढाब्याढाब्यावर कडक चहा ढोसतो. त्याला मुतखडा झाला. डॉक्टरांनी चहा सोडायला आणि पाणी वाढवायला सांगितलं. दामिनीने तेच ऐकून चहाऐवजी पाण्याचा तांब्या पुढे केला. "चहा मांगला तं पाणी देते?" म्हणत त्याने स्वतःच्या आईसाठी उकळत ठेवलेला चहा दामिनीच्या अंगावर फेकला. मानेपासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

दोन. दामिनी अजून म्हणते, "त्यायले कळ आली का काही सुधरत नाही वं, आई." मुतखडा माझ्याही पोटात आहे. कळ आली की मी भिंतीवर डोकं आपटते, पण स्वतःचं. गिरिधर तिला माझ्या घरून न्यायला आला तेव्हा मी सांडशीने त्याचं नाक फोडलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही, हे नमूद करते. रक्त पुसत तो म्हणाला, "बुढी मेली का घर माह्यंच." म्हणून पुढची कलमं.

तीन. राहतं घर, टपरी, शेगडी, चहा उकळायचा गंज, सगळं एकट्या दामिनीचं. गिरिधरला फुटका कपही नाही.

चार. माझ्या प्रेताला त्याने खांदा देऊ नये. तेरवीला आलाच तर जावई म्हणून चहा विचारू नये. पाण्याचा तांब्या द्यावा, सगळ्यांसमोर संपवायला लावावा. तांब्या फेकला तर लोकांनी दुखवटा विसरून त्याला तुडवावं.

पाच. दामिनी त्याच्याकडे परत नांदायला गेली तर तिला काहीही मिळणार नाही.

सहा. कलम पाच तिला वाचून दाखवलं. ती भांडली नाही. भाजलेल्या मानेवर ओढणी ओढून म्हणाली, "मंग मी गेली आन् त्यायनं पुन्हा मारलं, तं कुठं येऊ वं?"

कलम पाच रद्द. घर दामिनीचंच. ती गेली तर किल्ली शेजारच्या जिजाबाईंकडे राहील. दामिनी कधीही आली, कितीदाही आली, तरी काहून आलीस असं तिला कोणी विचारू नये.

सही: प्रेमिला मनोहरराव भोयर

आमच्यादेखत सही केली:
१. जिजाबाई नेवारे, शेजारीण
२. लहानू उमाटे, टायरवाले

वाडी, नागपूर. २२ एप्रिल २०२४