पिवळी रेघ

ताई,

तू आज पाचव्या किमोला गेलीस आणि मी गॅरेजमध्ये तुझ्या जीपखाली आडवा पडलोय. हे पत्र तुला देण्याची माझी छाती नाही.

भंगारातून ही डोंगर चढणारी जीप उभी करायला घेतलीस, तेव्हा नियम तूच घातलास: नट आवळला की त्यावर पिवळी रेघ मारायची. औषधांनी तुझी बोटं बधिर झाली आणि पाना माझ्याकडे आला. मागच्या स्प्रिंगचे चार नट मी पाना न लावता नुसते हातानेच फिरवले आणि रेघा मारून मोकळा झालो.

आळस नव्हता गं. तू ही जीप कधी चालवशील, यावर माझा विश्वासच उरला नव्हता.

काल तू टोपी सावरत गाडीखाली सरकलीस. बोटांना कळत नाही म्हणून छोट्या हातोडीने एकेक नट ठोकून आवाज ऐकत गेलीस आणि बरोबर त्या चारांपाशी थांबलीस. म्हटलं, आता आपली धडगत नाही. पण का आवळले नाहीत, हे तू विचारलंच नाहीस. चिंधीने चारही रेघा पुसल्यास आणि पाना माझ्या हातात दिलास.

"नीट आवळ, शहाण्या. चढावर शेजारी तूच बसणार आहेस."

आज चारही नट अंगातलं सगळं बळ लावून आवळलेत. रेघा मारलेल्या नाहीत. तू ये, ठोकून बघ आणि मग त्या तुझ्या हाताने मार.

शेजारच्या सीटवरचा,
तुझा धाकटा