मार्चचं पान

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१२ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आप्पासाहेब दादांना,
सुरेखाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी बरी आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून बोललं की शेजारचे दार उघडून उभे राहतात. म्हणून पत्रच लिहिते. आत्यांनाही कागद वाचून दाखवलेला जास्त खरा वाटतो, हे मला माहीत आहे.

हे घरातून गेले त्याला उद्या तीन महिने होतील. परवा पुन्हा पोलीस ठाण्यात गेले होते. आता तिथं दुसऱ्या बाई आल्या आहेत. त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. जूनमध्ये संस्कृतीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी ट्रकमधूनच नांदेडला नेत होते, पहाटे यांचा डोळा लागला, गाडी उभ्या ट्रेलरला डाव्या बाजूने धडकली आणि मुलगी जागेवर गेली, हे सांगितलं. गाडी दोन महिने चितेगावच्या गॅरेजला होती, ती नीट झाल्यावर यांनीच आणून ट्रकमालक मंडळाच्या मैदानात लावली, किल्ली आणि फोन केबिनमध्ये ठेवले आणि चालत निघून गेले, हेही सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. काही कळलं तर कळवू म्हणाल्या.

काल ट्रकमालक मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव आले होते. मंडळाचं कॅलेंडर तुमच्या पडवीत दरवर्षी असतंच. दर महिन्याला एक सभासद, आपल्या गाडीसमोर उभा. नव्वदच्या वर सभासद आहेत, त्यामुळे आठ वर्षांनी एकदा पाळी येते. येत्या वर्षी यांची होती. चहा संपवून सर्जेराव म्हणाले की तुमची हरकत नसेल तर पाळी पुढच्या सभासदाला, कृष्णाला देतो. मी हो म्हणाले. ते चपला घालत असताना मला सुचलं. हे कॅलेंडर मंडळाची माणसं स्वतः नेऊन टांगतात. नागपूरपासून हैदराबादपर्यंत प्रत्येक ढाब्यावर, पंपावर, वजनकाट्यावर. मोबाईलवर फिरवलेला फोटो दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही, पण हे तिथंच राहतं. ट्रकवाला माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं, शेवटी एखाद्या ढाब्यावरच बसणार. मी सर्जेरावांना म्हणाले की यांचाच फोटो घाला आणि खाली माझा नंबर द्या. ते विचारतो म्हणाले.

अडचण एक आहे. गाडीसोबतचा यांचा चेहरा स्पष्ट दिसेल असा एकच फोटो आहे, मागच्या वर्षीच्या दसऱ्याचा. त्यात संस्कृती शेजारी उभी आहे. फोटोवाला म्हणाला की मुलीला काढून टाकतो, कळणारसुद्धा नाही. मला तसंच करावंसं वाटतं. ती गेल्यापासून ते तिच्या फोटोकडे बघत नव्हते. भिंतीवर लावलेला त्यांनीच उतरवून कपाटात कपड्यांखाली ठेवला. तुमचा आणि आत्यांचा विचार काय ते कळवा.

आत्यांना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.
आपली,
सौ. सुरेखा

*

गंगापूर
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सुरेखा हिला,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या आत्यांना, म्हणजे आईला, दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या वेळी तिनं चष्मा लावून ऐकलं. आपल्या घरात ऐकू येण्याचे प्रकार आता असे झाले आहेत. माझं कानाचं यंत्र लावलं की मला फक्त शेजारची मोटार ऐकू येते, म्हणून ते डब्यात ठेवलं आहे.

इथं कापसाची वेचणी चालू आहे. बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर दुपारी चहा, आणि चहात साखर किती ते त्या ठरवतात. असो.

कॅलेंडरचं लई चांगलं सुचलं तुला. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सर्जेराव विचारतो म्हणाले, म्हणजे ते विसरणार. त्यांच्या मागं लाग. सरळ त्यांच्या घरी जाऊन बस. तू गप्प बसून राहिलीस की समोरच्याला बोलावंच लागतं, हा तुझा गुण बद्रीनाथनं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितला होता. तक्रार म्हणूनच सांगितला होता म्हणा.

आता फोटोचं. आईचं म्हणणं असं की पोरगी एकदा गेली ती गेली, दुसऱ्यांदा आपल्या हातानं तिला काढायची नाय. आणि बद्रीनाथ बाप आहे. पोरीचं तोंड दिसलं की त्याचं पाऊल पुढं पडणार नाही, तो घरीच येईल. मी सांगून पाहिलं की सुरेखानं त्याच्यासोबत वीस-एकवीस वर्षं काढली, तिला जास्त समजतं. तर म्हणाली, व्हय, आणि मी त्याला दारातून उचलून आणला होता का.

खरं सांगायचं तर मलाही आईचंच पटतं. स्वतःचा एकट्याचा फोटो बघून त्याला कशाला घरची ओढ लागेल? पोरीला राहू दे. पुढं तुझी मर्जी.

जेवत जा. डबा करून ठेवून दिवसभर तो न उघडणं, याला जेवण म्हणत नाहीत.
तुझा,
आप्पासाहेब

*

मुकुंदवाडी
५ डिसेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादांना,
सुरेखाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुम्ही म्हणालात तसं केलं. सर्जेरावांच्या घरी दोन वेळा जाऊन बसले. शेवटी त्यांनी बैठकीत विषय घेतला आणि मलाही बोलावलं.

मंडळाचा नियम आहे की फोटोत सभासद आणि गाडी, तिसरं कोणी नाही. मागे एकाने फोटोत आपले दोन साडू उभे केले होते. त्यांच्या मागे गाडीचा नंबरच झाकला गेला, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनाच साडू आठवले. तेव्हापासून हा नियम. सर्जेराव म्हणाले की एकट्या बद्रीनाथचा फोटो घालायला कोणाची ना नाही, पण मुलगी आता हयात नाही. लोक कॅलेंडर देवाच्या शेजारी टांगतात, त्यावर असं बरं दिसत नाही.

सांडूभाऊ उठले. तुम्ही त्यांना ओळखता, मागच्या वर्षी दसऱ्याला यांच्यासोबत तुमच्याकडे जेवायला आले होते. ते म्हणाले की रस्त्यात कोणाची गाडी बंद पडली तर आपण थांबतो, आत किती माणसं बसलीत ते मोजून थांबतो का. मग कोणी हसलं, कोणी खाली बघितलं, आणि ठराव झाला.

आपल्याला मार्चचं पान मिळालं. ज्या महिन्यात ज्याच्या गाडीचं पासिंग असतं, तो महिना त्याला देतात, म्हणजे तारीख चुकत नाही. फोटोखाली यांचं नाव, "कुठे दिसल्यास कृपया कळवा" एवढी ओळ आणि माझा नंबर. साडेतीन हजार प्रती निघतील.

छापखान्यात मी स्वतः गेले होते. फोटोवाल्याने शेवटचं विचारलं, ताई, मुलीला ठेवायचं ना. काढा असं माझ्या ओठांवर आलं होतं. मग आत्यांचा निरोप आठवला आणि ठेवा म्हणाले. तुम्हा दोघांचं बरोबर असेल.

थंडी आहे. आत्यांच्या गुडघ्याला तेल पाठवलं आहे, ते रोज लावायचं आहे. लावलं का म्हणून विचारलं की त्या हो म्हणतात, ते खरं धरू नये.
आशीर्वाद असू द्यावेत.
आपली,
सौ. सुरेखा

*

गंगापूर
३ मार्च २०२५

चि. सौ. सुरेखा हिला,
अनेक आशीर्वाद.

एक तारखेला सकाळी आईनं मला चहासुद्धा घेऊ दिला नाही. आधी पान उलट म्हणाली. उलटलं. मग तिनं पाट आणून त्यावर उभं राहायचा बेत केला, तो मी हाणून पाडला आणि कॅलेंडरच खिळा काढून खाली आणलं. आता ते तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि आम्हाला तारीख बघायला वाकावं लागतं. फोटो छान आला आहे. संस्कृती तर आत्ता बोलेल अशी आहे.

आई रोज विचारते की फोन आला का. मी सांगतो, फोन सुरेखाकडं येणार, इथं कसा येईल. तिला ते पटत नाही. साडेतीन हजार ठिकाणी लटकलाय म्हणल्यावर एक तरी माणूस बघणार, हा तिचा हिशेब आहे, आणि तो चुकीचा आहे असं मलाही म्हणता येत नाही. त्याच्यासाठी जवसाची चटणी करून बरणी भरून ठेवली आहे. मला एक बोट लावू देत नाही.

काही कळलं तर त्याच दिवशी लिही. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. गाडी करून कुठंही जायची माझी तयारी आहे.
तुझा,
आप्पासाहेब

*

मुकुंदवाडी
१८ मार्च २०२५

तीर्थस्वरूप दादांना,
सुरेखाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. माझी तब्येत ठीक आहे. आत्यांना सांगावं की कॅलेंडर सगळीकडे पोचलं आहे आणि लोक बघत आहेत. दोन फोन आले होते, पण ती माणसं वेगळी निघाली. ऊन वाढलं आहे, आत्यांनी दुपारी ओट्यावर बसू नये. चटणीची बरणी उन्हात राहू देऊ नये. त्यांना माझा नमस्कार.

दादा, आत्यांना इथपर्यंतच वाचून दाखवा. पुढचा कागद तुमच्यासाठी आहे.

तुम्ही पत्र लिहिलंत त्याच्या आदल्या दिवशी एक फोन आला. कारंज्याच्या अलीकडे एक हॉटेल आहे, त्याचे मालक बोलत होते. जानेवारीत सांडूभाऊंनीच तिथं कॅलेंडर टांगलं होतं. डिसेंबरपासून एक माणूस त्यांच्याकडे कामाला होता. नाव मुंजाबा सांगायचा. दाढी वाढलेली, बोलणं जेवढ्यास तेवढं. कांदे चिरायचा, टेबलं पुसायचा. आलेल्या गाड्यांकडे पाठ करून बसायचा, एवढंच मालकांना वेगळं वाटलं होतं.

एक तारखेला सकाळी मालकांनी त्यालाच कॅलेंडरचं पान उलटायला सांगितलं. त्याने उलटलं आणि तिथंच थोडा वेळ उभा राहिला. मालकांना वाटलं सण बघतो आहे. मग तो जाऊन कांदे चिरायला बसला. दुपारची गर्दी होईपर्यंत नीट काम केलं. संध्याकाळी हाक मारली तर नव्हता. कपड्यांची पिशवी तशीच खुंटीला होती.

दुसऱ्या दिवशी मालक तारीख बघायला गेले तेव्हा त्यांना फोटो कापलेला दिसला. त्यांनी उरलेला चेहरा नीट बघितला, डोळ्यांवरून ओळखला आणि खालच्या नंबरवर फोन केला. म्हणजे आपण ठरवलं होतं ते सगळं तसंच झालं.

सांडूभाऊ त्याच दिवशी निघाले. कारंजा, मूर्तिजापूर, वाशिम, सगळे स्टँड तीन दिवस फिरले. कोणी काही सांगू शकलं नाही. येताना ते पान घेऊन आले. सुरीने कापलेलं आहे, कांद्याच्याच सुरीने असेल. घाईत फाडलेलं नाही, कडेकडेने कापलं आहे. फक्त संस्कृतीला नेलं आहे. तिच्या खांद्यावर यांचा हात होता, तोही तिच्यासोबत गेला आहे. बाकी ते स्वतः, गाडी, माझा नंबर, सगळं तिथंच ठेवलं आहे.

सर्जेराव आले होते. म्हणाले की माणूस जिवंत आहे, ही काय लहान गोष्ट आहे, पेढे वाटा. बरोबर आहे त्यांचं. मला ते जमलं नाही.

तुम्ही वाईट वाटून घ्याल म्हणून लिहिते. फोटोत तिला ठेवा हा तुमचा सल्ला होता, पण छापखान्यात हो मी म्हणाले. मला माहीत असून म्हणाले. आणि अजून एक आहे, जे मी पोलिसांना सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. संस्कृतीच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी हे जेवायला बसले होते. मी त्यांना विचारलं की तुमच्या बाजूची काचसुद्धा कशी फुटली नाही. एवढंच विचारलं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं आणि हात धुतले. त्यानंतर घरात त्यांनी माझ्यासमोर कधी जेवण केलं नाही. गॅरेजला जातो म्हणायचे आणि तिकडेच काहीतरी खायचे. दोन महिने असेच गेले, मग ते गेले.

तिथं तीन महिने त्यांना दोन वेळा जेवायला मिळत होतं. कोणी काही विचारत नव्हतं. ती जागा आपण घालवली.

तुम्ही गाडी करून निघाल, हे मला माहीत आहे. निघू नका. सांडूभाऊंनाही मी पुन्हा जाऊ नका म्हणून सांगितलं आहे. पोलिसांना कळवलं, ते कळवणं भाग होतं. त्यापलीकडे आता त्यांच्या मागे कोणी जायला नको. त्यांना यायचं असतं तर नंबर समोरच होता.

मी सर्जेरावांना विचारलं की ते पान सगळीकडून काढता येईल का. ते म्हणाले साडेतीन हजार ठिकाणी कोण जाणार. खरं आहे. ते ज्या रस्त्याला जातील त्या रस्त्यावर आपलंच कॅलेंडर असणार. भूक लागली म्हणून कुठे आत शिरले, तर समोर ती असेल आणि शेजारी ते स्वतः.

आज अठरा तारीख आहे. अजून तेरा दिवस आहेत. एक तारखेला सगळे पान उलटतील. मग त्यांना कुठेही बसून जेवता येईल. मी आता तेवढीच वाट बघते आहे.

आत्यांच्या कॅलेंडरचं पान मात्र तुम्ही उलटू नका, त्यांना ते राहू द्या. त्यांची काळजी घ्या आणि माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नका.
आपली,
सौ. सुरेखा