दुसऱ्या पाण्याचा चहा

माय, लेकीनं एक चहा आणलाय आणि तो पिता पिता सकाळपासून सारखी तुझी आठवण येतेय, म्हणून कामं तशीच टाकून हे लिहायला बसले. तुझी नात शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला लागली आहे. तिथं नवीन मशीन बसवायला चीनमधून माणसं आली होती, त्यातल्या एका बाईनं जाताना तिला हा चहा भेट दिला. चहा म्हणजे आपल्यासारखी पत्ती नाही. गोल, चपटी, लहान गोवरीसारखी थापलेली वडी, आणि वर पातळ कागद गुंडाळलेला. मी आधी हुंगून पाहिली. ओल्या कडब्याचा वास आला, मागून किंचित धुराचा. "हा कच्चा पुएर आहे आई," लेक म्हणाली. मी विचारलं, कच्चा म्हणजे काय, वाळवायचा राहिला? तर म्हणे तसं नाही, हा वर्षानुवर्षं ठेवला की मऊ होत जातो, आणि ही वडी अजून कोवळी आहे म्हणून कडू लागेल. मग आत्ता कशाला पाजतेस गं मला, म्हटलं, मऊ झाला की पाज. मी पण आता साठी ओलांडली, हे ती सोयीनं विसरते. ती हसली आणि सुरीच्या टोकानं वडीचा एक तुकडा काढून झाकणाच्या छोट्या भांड्यात टाकला.

हा चहा उकळत नाहीत. त्याच पानांवर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतायचं आणि दर वेळी क्षणभरानं गाळून घ्यायचं. दर पाण्याला चव बदलते, आणि म्हणे दहा-बारा पाणी सहज निघतात. पण पहिलं पाणी फेकून द्यायचं, कारण त्यानं नुसती पानं धुवायची. ती भांडं मोरीत रिकामं करायला निघाली तसा मी तिचा हात धरला. तुझं हे शहर आता इकडं शेंद्र्यापर्यंत आणि तिकडं वाळूजपर्यंत पसरलंय, पण नळाला पाणी यायचा अजून वार असतो, आणि तो वार चुकला की जार विकत आणावे लागतात. पानं धुतलेलं ते पाणी मी कुंडीतल्या कढीपत्त्याला घातलं. लेक म्हणाली, "आई, तू अगदी आजीसारखी करतेस." तिनं तुला फोटोतच पाहिलंय, पण ऐकून ऐकून तिला तू पाठ आहेस.

धुतल्यानंतरच्या पहिल्या पाण्याचा रंग करडईच्या तेलासारखा पिवळा आला. दिसायला छान, पण घोट घेतला आणि जिभेच्या दोन्ही कडा कडवटल्या. दुसरं पाणी त्याहून कडू. तिसऱ्यानं तर तोंड असं आखडलं की कच्चं जांभूळ चावल्यावरही आखडत नाही. लेकीची कामावर जायची वेळ झाली होती. "पाच-सहा पाण्यांपर्यंत धीर धर," असं बजावून ती गेली, आणि मी घरात एकटी त्या कडू भांड्यासमोर. तोंड साफ करावं म्हणून माठातलं पाणी प्याले. आणि माय, ते पाणी गोड लागलं. आवळा खाऊन पाणी प्यावं ना, तसं, घशापर्यंत गोड. मी तशीच पेला हातात धरून उभी राहिले, कारण हा गोडवा मी पूर्वी एकदा चाखलेला होता, आणि कुठं ते मला लगेच आठवलं.

आपल्या पत्र्याच्या दोन खोल्या. बहात्तरच्या दुष्काळात सिल्लोडकडचं गाव सोडून आपण या शहरात आलो, आमच्या बाला कारखान्यावर राखणदारी मिळाली आणि तुला शाळेत झाडलोटीचं काम. दुपारी तीनच्या सुमारास तू घरी येतेस. पाय धुतेस, चूल फुंकतेस, आणि कोनाड्यातून ती चेपलेली जर्मनची वाटी काढतेस, जिच्यावर सकाळपासून बशी झाकलेली असते. वाटीत सकाळच्या चहाचा चोथा. त्यावर तू आधणाचं पाणी ओततेस, पुन्हा बशी झाकतेस, आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसतेस. मग तो चोथ्याचा चहा, ना दूध ना साखर, घोट घोट पितेस. कधी त्याच्यावर अजून एकदा पाणी. तेवढा वेळ आम्ही तुझ्याशी बोलायचं नाही, असा नियम कुणी केला नव्हता, पण तो होता. एकदा भांडी घासताना मी ती वाटी रिकामी करून टाकली, तर केवढी कडाडली होतीस. "माझा चहा व्हता तो! इचारायचं तरी!" चोथ्यासाठी एवढं रागवायचं म्हणून मी रडले होते. घरात सगळ्याचीच टंचाई, म्हणून तू असं करतेस, एवढं मला कळत होतं, आणि त्याचं मला वाईट वाटत होतं.

आणि ती एक दुपार. टँकर आला नव्हता, हापशाचं पाणी खारट, आणि मी ते तोंडात धरून थुंकले होते. तू मला जवळ बोलावलंस आणि वाटी माझ्या तोंडाला लावलीस. मी तोंड वेडंवाकडं केलं, तशी तू खुदकन हसलीस. "आता पाणी पी," म्हणालीस. मी प्याले. तेच खारट पाणी, पण गोड. मी तुझ्याकडं बघतच राहिले, आणि तू म्हणालीस, "बघ. मला हेच लई आवडतं. पण कुणाला सांगू नको, येडी म्हणतील." मी खरंच कुणाला सांगितलं नाही, आणि पुढं शाळा, नोकरी, लग्न या रगाड्यात स्वतःही विसरून गेले. एवढ्या वर्षांनी परक्या देशातल्या त्या बाईच्या वडीनं ते मला परत दिलं.

तुला हे सगळं सांगायचं कारण दादा. तू गेल्यावर आपल्या घरात तुझी एक गोष्ट तयार झाली, आणि ती दादानं तयार केली. तुझ्या पुण्यानुमोदनाला चार शब्द बोलायला तो उठला आणि एकच वाक्य बोलू शकला, "माझ्या मायनं आमच्यासाठी जन्मभर चोथ्याचा चहा पिला." मग खाली बसून हमसून हमसून रडला. लहानपणी घरात जेमतेम कपभर दूध यायचं आणि ते त्याच्या चहात जायचं, हे तो कधी विसरला नाही. तेव्हापासून दर पुण्यतिथीला तो तुझ्या फोटोसमोर चहा ठेवतो. म्हशीचं घट्ट दूध, तीन चमचे साखर, वेलदोडा. आपण बौद्ध, आपल्यात असलं काही करत नाहीत, असं भावकीतलं कुणीतरी दरवर्षी त्याला ऐकवतं. दादाचं उत्तर ठरलेलं असतं, "नैवेद्य नाय, चहाय." गेल्या वर्षी सगळे गेल्यावर मला म्हणाला, "बाई, माझ्यामुळं तिला कधी धड चहा मिळाला नाय." सत्तरीला आलेला माणूस, माय, आणि छातीवर हा दगड घेऊन फिरतो.

त्याचा पहिला पगार झाला तो दिवस तुला आठवत असेलच. गुलमंडीवरून चांगल्या दाणेदार पत्तीचा पिवळा डबा घेऊन आला आणि उंबऱ्यातूनच ओरडला, "माय, आजपासून चोथा बंद!" स्वतः चहा केला. तू बशीत ओतून सगळा प्यालीस आणि म्हणालीस, "ब्येस झालाय." त्या दिवसापासून रोज सकाळी त्याच्यासमोर बसून तू तो दुधाळ गोड चहा पीत राहिलीस, आणि त्याच्यावर चिमूटभर ओवा तोंडात टाकत राहिलीस. आम्हाला वाटायचं तुला गॅसेसचा त्रास आहे. चहाही तू कधी दुधात उकळला नाहीस. पत्ती नुसत्या पाण्यात उकळायचीस, गाळायचीस, आणि दूध-साखर मागून कपात घालायचीस. दादा कुरकुरायचा की असा पांचट होतो, पण तू ऐकलं नाहीस. चोथ्याला दूध-साखर लागू नये म्हणून ते होतं, हे मला आज त्या चीनच्या भांड्यापुढं बसल्यावर समजलं. म्हणजे त्याग तू केलासच, पण आम्ही समजत होतो त्याच्या अगदी उलट बाजूनं.

मी पाचवं पाणी ओतत होते तेवढ्यात दादा पुंडलिकनगरहून आला. रविवार नसला तरी तो असा अधूनमधून टपकतो. "काय प्यायलीस बाई?" त्यानं कपात डोकावून विचारलं.

"चहा."

"असला? दूध नासलं काय?"

"दूध आहे घरात. हा असाच पितात. घे."

पाचव्या पाण्यात कडवटपणा बराच उतरला होता आणि मागून एक फळासारखी चव यायला लागली होती. पण दादाला ती कुठली कळायला. एक घोट घेऊन त्यानं कप लांब धरला. "हॅत्! हे तर चोथ्याचं पाणी हाय." बोलून गेला आणि त्यानं कप पुन्हा नाकाशी नेला. मग तो हळूच म्हणाला, "मायच्या वाटीतलं."

सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. सांगितलं तर त्याच्या मनावरचं ओझं उतरेल, पण मग त्या पिवळ्या डब्याचं काय? आयुष्यात आईला दिलेली त्याची सगळ्यात मोठी भेट होती ती. एक दगड उचलताना मी दुसरा ठेवला तर? पण तोंडातून निघालंच, "दादा, तिला आवडायचा तो."

"आवडायचा कसला! नव्हतं म्हणून पेयची."

"आणि तू डबा आणलास, रोज दूध यायला लागलं, तेव्हा का प्यायची?"

"तेव्हा नाय. मी बंद केलं व्हतं."

"तू कामावर असायचास. मी घरी असायचे."

त्यानं कप खाली ठेवला. मी त्याला तीन वाजताची वाटी सांगितली, खारट पाण्याची ती दुपार सांगितली, दूध मागून का घालायचीस तेही सांगितलं. तो जमिनीकडं बघत ऐकत होता. मग म्हणाला, "आन् माझा चहा?"

"प्यायची की. सगळा. बशी पुसून."

"आवडत नव्हता?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "गोड तिला जमायचं नाही, दादा. पण तू समोर बसलेला असायचास ना."

तो माझ्याकडं पाठ करून ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं, चुकलं आपलं. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मी घाबरून जवळ गेले तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतोय. "तिचा ओवा!" म्हणाला. "म्हणून ओवा खायची व्हय म्हातारी! आन् मी बाजारातून आठवणीनं ओवा आणून द्यायचो की गं तिला!" मग मीही हसले. दोघं म्हातारी भावंडं ओट्यापाशी उभी राहून हसत होतो आणि नाक पुसत होतो. शेवटी त्यानं कप पुढं केला. "दे अजून जरा." मी सहावं पाणी ओतलं. ते प्यायला, मग मी सांगायच्या आत माठातलं पाणी घेतलं, आणि लहान पोरासारखे डोळे मोठे केले. "गोड लागतंय की गं." नंतर आम्ही सातवं, आठवं, नववं पाणी काढलं. शेवटी शेवटी चहा राहिलाच नाही, नुसतं माठातल्यासारखं गार चवीचं गरम पाणी. भांड्यात पानं पार उलगडून पडली होती, देठासकट अख्खी. दादानं एक पान बोटावर घेऊन खूप वेळ पाहिलं.

हे पत्र मी त्या दिवशी इथंच ठेवलं होतं. आज तुझी पुण्यतिथी झाली म्हणून पुढं लिहितेय. वंदना झाली, सगळे जमले होते, आणि दादा एका पिशवीतून जुनी चेपलेली जर्मनची वाटी घेऊन आला. शहागंजच्या जुन्या बाजारातून शोधून आणलीय म्हणे. सकाळचा चोथा त्यानं बशीखाली झाकून ठेवला होता. आधण ठेवलं, ओतलं, पुन्हा झाकलं, आणि तुझ्यासारखाच भिंतीला टेकून थांबला. भावकीतल्या एकानं विचारलं, "औंदा दूध नाय का?" दादा ऐटीत म्हणाला, "तिला असाच आवडतो." ते 'आवडतो' ऐकलं आणि मला भरून आलं. इतकी वर्षं तो तुझ्या फोटोसमोर अपराध्यासारखा उभा राहायचा. आज घरच्यासारखा उभा होता.

हे पत्र मी त्या वडीच्या कागदातच घडी करून ठेवणार आहे, कारण पाठवायचं तरी कुठं. वडी आम्ही अर्धी राखून ठेवलीय, ती मऊ झालेली बघायला मी असले तर असले. एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी, दादाला सांगणार नाही. वाटी फोटोसमोर ठेवायला उचलली तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नाही असं समजून साखरेचा डबा उघडला आणि हळूच एक चमचा त्यात घातला. मी दारातून पाहत होते. सगळे जेवायला बसल्यावर आत गेले आणि तुझ्या फोटोमागं चिमूटभर ओवा ठेवून आले.