बियाण्याचा गड्डा

प्रिय धाकट्या,

बाबा कसे आहेत, असं तू विचारलं होतंस आणि 'बरे आहेत' लिहून मी वेळ मारून नेली होती. आज नीट सांगते. बाबा मला ओळखत नाहीत. शेजारची कुणी मदतीला येते असं समजून 'बाई' म्हणतात, चहा दिला की आभार मानतात. तुझा फोटो दाखवला, तर परक्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत राहिले.

पण मळ्यात ये आणि बघ! फ्लॉवरचा गड्डा अंड्याएवढा झाला की बाहेरची पानं वर घेऊन सुतळीने बांधायची, म्हणजे ऊन लागून तो पिवळा पडत नाही, हे त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे. शर्टाची बटणं न जमणारी तीच बोटं! मी थक्क होऊन बघत बसते. परवा मात्र उत्साहाच्या भरात त्यांनी पलीकडच्या वाफ्यातला कोबीही बांधून टाकला. मुळात देवानेच गुंडाळून पाठवलेला कोबी! मी पोट धरून हसले, तेही हसले. मग आत जाऊन मी थोडं रडून घेतलं.

लहानपणी ते गड्ड्याचा एक तुरा मोडून आपल्या हातावर ठेवायचे, आठवतं? त्या तुऱ्यात अख्खा गड्डा, त्याच्या तुऱ्यात पुन्हा तसाच चिमुकला. ही सगळी न उमललेली फुलं, म्हणायचे. काल मी पुन्हा मोडून पाहिला आणि या वयातही अंगावर काटा आला.

मग सगळ्यांत देखण्या गड्ड्याची पानं बांधायला वाकले, तर त्यांनी माझा हात धरला. "अहो बाई, हा नको. हा बियाण्याचा. आमच्या धाकट्याला फुलं बघायची असतात." आणि फुलांचे दांडे वर यावेत म्हणून त्यांनी गड्ड्यावर सुरीने फुलीसारखी चीर दिली.

महिन्याभरात तिथे कंबरेएवढी पिवळी फुलं डोलतील. समोर आलास की ते तुला ओळखतील, असं खोटं मी लिहिणार नाही. कदाचित तुलाही 'अहो' म्हणतील. पण ते तुझी वाट बघताहेत, हे मी स्वतः पाहिलंय. रजा मिळत नाही, असं या खेपेला कळवू नकोस. ये.

तुझीच, वाट बघणारी दुसरी,
ताई