दोन टनांचा युक्तिवाद

५ जून, सकाळ
निवृत्तीनंतर माझ्या तर्कशास्त्राची घरात प्रथमच निकड भासली आहे. पुतणीला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचे आहे, आणि तेही इमारतींतली हवा गार-गरम राखणाऱ्या यंत्रणांचे आराखडे करण्यासाठी. धाकट्या भावाने विचारले, दादा, तुमचं काय म्हणणं? माझ्या मताशिवाय या घरात फ्रिजसुद्धा आलेला नाही. मत देईन, पण रीतसर देईन: आधी पूर्वपक्ष, मग खंडन, मग निष्कर्ष. निष्कर्ष तयार आहे: कॉम्प्युटर. उरलेले दोन भाग आठवडाभरात उरकतील.

७ जून
पूर्वपक्ष ऐकून घेतला. पुतणी म्हणाली, मोठे काका, ऑपरेशनच्या खोलीत हवा कुठून यावी नि कुठून जावी, हेही कुणीतरी ठरवावं लागतं. मी म्हटले, ते खिडकी ठरवते. ती हसली. निरुत्तर झालेला प्रतिपक्ष हसतो, असा माझा जुना अनुभव आहे.

१० जून, दुपार
खंडनाला आरंभ. अभ्यासिकेत उकाडा असह्य. पहिल्या वाक्यापुढे पेन सरकेना. एसी घ्यावा. त्यातून प्रात्यक्षिकही साधेल: ज्या कामासाठी चार वर्षांची पदवी लागते म्हणतात, ते मी एका दुपारी निव्वळ तर्काने करून दाखवीन.

११ जून
पुतणीने टेप आणून खोली मोजली. खिडकी पश्चिमेला का, छत किती उंच, वर गच्ची आहे का, मी किती वेळ बसतो. एवढ्या चौकशा तर मुलगी बघायला आलेलेही करीत नाहीत. निकाल: एक टन पुरे.
माझा प्रतिवाद: एक टन खोली गार करतो. दोन टनांत एक टन अंतर्भूत आहे, शिवाय आणखी एक आहे. सबब, दोन टन अधिक चांगले. यात दोष दाखव, म्हटले. ती म्हणाली, खोली लवकर गार होईल, नीट नाही होणार. शब्दच्छल. भावजय मध्येच म्हणाली, भाऊजी, पोटभर जेवण वेगळं नि दुप्पट जेवण वेगळं. उपमा हे प्रमाण नव्हे, असे मी तिला नम्रपणे सांगितले. ती भांडी आवरायला गेली.

१४ जून
दोन टनांचा एसी बसला. दुकानदार म्हणाला, सर, एवढा विचार करून घेणारं गिऱ्हाईक विरळच. बसवणाऱ्याने मात्र खोलीभर नजर फिरवून विचारले, बाकीची खोली कुठाय? विनोदी माणूस. चहा येईपर्यंत खोली थंडगार. पुतणीला बोलावून दाखवले. ती म्हणाली, हं.

१८ जून
यंत्र सुरू होते, खोली पाहता पाहता गार होते, यंत्र थांबते. जरा वेळाने पुन्हा तेच. मधूनमधून विसावा घेणे हे उत्तम यंत्राचे लक्षण असावे. अंग मात्र चिकट लागते. एकाच वेळी गार आणि दमट, हा विरोध बाहेरच्या हवेतून आलेला आहे. शाल पांघरली. खंडन उद्यापासून.

२३ जून
कागद ओलसर, शाई फुटते. कपाटाचे दार फुगून अडकले. खोलीबाहेर पडताच चष्म्यावर धुके धरते. काल त्या अवस्थेत दारातल्या भावजयीला कुरिअरवाला समजून, सही कुठे करू, असे विचारले. पुतणीने न विचारता खुलासा केला: हवेतलं पाणी काढायला यंत्र सलग चालावं लागतं, तुमचं धाप लागल्यासारखं थांबतं. मी म्हटले, माझा युक्तिवाद गारव्यापुरता होता, पाण्याचा प्रश्न त्यात नव्हताच. हे तिला खोडता आले नाही.

२७ जून
तर्कशास्त्राच्या ग्रंथाला बुरशी. तीही नेमकी हेत्वाभासांच्या, म्हणजे सदोष युक्तिवादांच्या, प्रकरणाला. योगायोगावरून अनुमान काढू नये. घरात शाखेचा विषय कुणी काढीत नाही. माझ्या निष्कर्षासाठी सारे अडून बसले आहेत, हे उघड आहे. जेवताना धाकटा काही सांगू लागला होता, प्रवेश, सोमवार वगैरे. मी मनात दुसरे वाक्य जुळवीत होतो. त्याला हातानेच थांबवले.

२ जुलै, संध्याकाळ
खंडन पूर्ण. तिघांना समोर बसवून वाचले. एकही आक्षेप आला नाही. मग भावजय हळूच म्हणाली, भाऊजी, ती सोमवारपासून कॉलेजला जातेय. मेकॅनिकलला. मी विचारले, मग माझे मत? धाकटा म्हणाला, दादा, विचारलं होतं की आम्ही.

४ जुलै
मत विचारणे आणि मत मानणे या दोन भिन्न क्रिया आहेत. हा भेद मी वर्गात आयुष्यभर शिकवला; धाकट्याला तो न शिकताच समजला, याचे समाधान आहे.
दुकानदार यंत्र बदलून देणार आहे. बोलणी कुणी केली, कळले नाही. सकाळी धाकटा पेन्सिल घेऊन माझ्या खोलीत स्टुलावर चढला आणि पुतणीला म्हणाला, सांग, कुठं खूण करू? मी घसा साफ केला. कपाटाच्या वरच्या अंगाला यंत्र बसवण्याच्या पक्षात तीन कारणे मनात तयार होती. पुतणी भिंतीकडे पाहत म्हणाली, बाबा, आधी मोठ्या काकांना जरा सरकायला सांगा.
मी सरकलो.